लाल रंगाचे दोन हात

चांगल्या माणसांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. वाईट माणूस आला तर दार लावून घेता येतं. चांगली माणसं तुम्ही घरी नसताना येतात, तुमच्याच पिठाचे वॉफल तुमच्याच तव्यावर भाजतात, आणि तुम्ही परतलात की तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. आता ही आभार मानेल, मग मानेल. आमच्या ग्रोविकमध्ये अशी माणसं घरटी निदान दोन आहेत. नॉर्वेच्या या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आणि चांगुलपणा या दोन गोष्टींना कधी तोटा नसतो, आणि त्यातल्या पावसासाठी निदान छत्री मिळते.

ही गोष्ट टोर्डिसची आहे. मी गुनवोर, तिची शेजारीण. मासळीच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहून कॉड चिरता चिरता म्हाताऱ्या झालो. तिच्याबद्दल गावात सध्या जे बोललं जातं ते माझ्या कानावर येतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून जे झालं ते मी लिहून ठेवतेय. कुणाला माझा सूर चढा वाटला तर वाटू दे. तो चढलाच आहे.

टोर्डिस पहिल्यापासून अशीच. कारखान्यात हात भराभर चालवायचे असतात. मासा आला, कापला, पुढचा घेतला. ही मध्येच थांबायची. एखाद्या माशाची कातडी दिव्याखाली तिरकी धरायची आणि बघत राहायची. पलीकडून मुकादम ओरडायचा, की टोर्डिस, मेलाय तो, आता काही बोलणार नाही. सगळ्या हसायच्या. तीही हसायची आणि जरा वेळाने पुन्हा तेच. एकदा तिने मला ती कातडी दाखवली. मला मासाच दिसला, दुसरं काय दिसणार. ती म्हणाली, मासा विसर. मग हळूहळू मला ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा करड्या रेघा दिसायला लागल्या, मध्येच सोनेरी ठिपके, आणि मी उभी राहिले ती राहिलेच. त्या दिवशी मुकादम दोघींवर ओरडला.

तिच्या नवऱ्याने, एनारने, होडी विकायला काढली तेव्हा जाहिरातीसाठी एक कॅमेरा आणला होता. होडीचे फोटो काढून रोल थोडा उरला, तो टोर्डिसने संपवला. फोटो धुऊन आले तेव्हा होडी ठीक आली होती, आणि बाकी सगळे फोटो मासळीच्या पिंपातल्या बर्फाचे. पिंप दिसत नव्हतं, मासळीही दिसत नव्हती. नुसते निळे-पांढरे चिरे आणि त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे. एनार म्हणाला, रोल फुकट गेला. टोर्डिसने त्यातला एक फोटो स्वयंपाकघरात नळाच्या वर चिकटवला, आणि पुढे आयुष्यभर ती हेच करत आली. खिडकीवर गोठलेली नक्षी, धक्क्यापाशी पाण्यावर पसरणारा डिझेलचा तवंग, वाळत टाकलेलं जाळं, बटाट्याची सालं, भांडी घासतानाचा फेस. सगळं इतक्या जवळून, की ते काय आहे हे पटकन कळू नये. मी एकदा विचारलं, कळलं तर काय बिघडतं?

"कळलं की लोक बघायचं थांबतात," ती म्हणाली. "बटाटा म्हटलं की झालं. बटाट्याकडे कोण बघतं?"

शहरातल्या फोटो क्लबात ती काही वर्षं जात होती. तिथे दर हिवाळ्यात स्पर्धा असायची आणि बाहेरून परीक्षक यायचा. त्यातल्या एकाने तिचा तवंगाचा फोटो उचलून सगळ्यांसमोर सांगितलं, की रंग छान आहेत, पण नजरेला टेकायला काहीतरी हवं; एखादी होडी, नाहीतर लाल जाकीट घातलेला माणूस. त्या वर्षीचं बक्षीस लाल जाकीट घातलेल्या माणसालाच मिळालं, धुक्यात पाठमोरा उभा होता. मी टोर्डिसबरोबर गेले होते. उठून त्या परीक्षकाला चार शब्द सुनावणार होते, पण तिने माझी बाही ओढून मला खाली बसवलं. ती भांडत नसे. भांडायचं काम तिने न सांगता माझ्याकडे सोपवलेलं होतं.

गावात तर त्याहून आनंद. महिला मंडळाच्या एका बैठकीला तिने थोडे फोटो नेले. ओसे आमची मंडळाची अध्यक्ष. बाई कामसू आहे, मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तिने फोटो उलटा धरला, सुलटा धरला, आणि काळजीने विचारलं की कॅमेऱ्यात पाणी गेलं होतं का. दुसरी एक म्हणाली, मोतीबिंदू झाला की माझ्या आईलाही असंच दिसायचं. मग कॉफी आली आणि विषय भोपळ्याच्या लोणच्यावर गेला. टोर्डिसने फोटो पाकिटात घातले. त्यानंतर तिने गावात कुणाला एकही फोटो दाखवला नाही. मला सोडून.

आता भिंतीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

एनारच्या घराण्याचं एक होडीघर आहे, टोर्डिसच्या घराच्या खाली, पाण्याला लागून. एनारचा बाप पैशाला असा चिकट होता, की होडीघरासाठी त्याने जन्मात रंग विकत घेतला नाही. होडी रंगवून जो रंग उरेल तो या समुद्राकडच्या भिंतीला फासायचा. कधी हिरवा, कधी पांढरा, महायुद्धानंतर कुठून तरी मिळालेला करडा, मग एनारच्या होडीचा निळा. असे थरावर थर चढले आणि पश्चिमेच्या वाऱ्याने वर्षानुवर्षं ते सोलून काढले. कुठे निळ्यातून हिरवा डोकावतोय, कुठे खिळ्यातून गंजाचे ओघळ उतरलेत, कुठे उघडं लाकूड चांदीसारखं झालंय आणि त्यावर नारिंगी दगडफूल पसरलंय. लांबून बघितलं तर एक मोडकळीला आलेली भिंत, इतकंच. कुणीही तेच म्हणालं असतं, आणि सगळे म्हणतच होते.

एनार गेल्यावर टोर्डिस या भिंतीपाशी जायला लागली आणि मग तिला दुसरं काही नकोच झालं. हिवाळ्याची वादळं सरली की ती स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन खाली उतरायची. ऊन असेल तर जायची नाही, कारण सावल्या पडतात. पाऊस पडून गेला आणि आभाळ भरलेलं असलं की मग जायची. ओल्यात रंग उमलतात म्हणायची. भिंतीला नाक लावून, श्वास धरून उभी. हात मात्र लावायची नाही. सुटायला आलेला पापुद्रा नखाने काढला तर कुणाला कळणार होतं? पण नाही. वारा पाडेल तेव्हा पडेल. काही जागा तिने ठरवून टाकल्या होत्या, त्यांचे फोटो दरवर्षी त्याच जागेवरून काढायची. ते ओळीने मांडले की दगडफूल एखाद्या बेटासारखं वाढताना दिसायचं आणि निळा रंग समुद्रासारखा मागे हटताना दिसायचा. मी ते बघितलेत. सगळ्या किनाऱ्यावर एवढं सुंदर काम दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी मैत्रीण म्हणून सांगत नाही. मैत्रीण म्हणून मी तिला तिच्या माशाच्या सूपबद्दलही खरं तेच सांगते.

शहरातल्या ग्रंथालयातल्या बाईंनी ते फोटो छापून घ्यायच्या दुकानात पाहिले आणि टोर्डिसचा पिच्छाच पुरवला. शरद ऋतूत प्रदर्शन करायचं. टोर्डिस आधी नको नको म्हणाली, मग कबूल झाली. सगळं तयार होतं, फक्त एक फोटो राहिला होता. भिंतीवर एका जागी निळ्या रंगाचा पापुद्रा कितीतरी हिवाळे नुसता लोंबत होता आणि त्याच्या कडेखालून एक रंग दिसायला लागला होता, तो तिने कधी पाहिलेला नव्हता. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. एनारच्या बापाच्याही आधीचा असणार. पापुद्रा पडला की तो रंग उघडा होणार, आणि त्या फोटोवर तिची ओळ संपणार होती. ती त्याची वाट बघत होती, लहान मूल सणाची वाट बघेल तशी.

मार्चमध्ये ती बर्फाळ धक्क्यावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरात ऑपरेशन झालं, मग चालायला शिकवायला तिथेच ठेवून घेतलं. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न भिंतीचा. एप्रिलच्या वादळातही पापुद्रा टिकला हे मी सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. म्हणाली, माझ्यासाठी थांबलाय. मे महिन्यात माझ्या नातीचं चर्चमध्ये कन्फर्मेशन होतं, म्हणून मी बर्गेनला मुलीकडे गेले आणि येताना टोर्डिसला दवाखान्यातून घेऊन आले. फेरीबोटीवर ती कुबड्या मांडीवर घेऊन बसली होती आणि आभाळ बघत होती. ढगाळ होतं. उद्याच खाली जाता येईल का, असं विचारत होती.

ग्रोविकमध्ये दर वर्षी सतरा मेच्या आधी, म्हणजे राष्ट्रीय दिनाला झेंडे लावून मिरवणूक निघायच्या आधी, डुग्नाड असतो. सगळ्यांनी एका दिवशी जमायचं आणि गावाचं काम फुकट करायचं. रस्ता झाडायचा, शाळेचं कुंपण रंगवायचं. डुग्नाडला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. आणि डुग्नाड तुमच्यासाठी केला असेल तर कॉफी पाजायची, तोंड भरून आभार मानायचे, हीही पद्धतच. त्याचा म्होरक्या मागनार, ओसेचा नवरा. आयुष्यभर बोटीवर कप्तान होता. या किनाऱ्यावरचा खडक न् खडक त्याला पाठ आहे, आणि निवृत्त झाल्यापासून त्याचे हात शिवशिवत असतात.

गाडी टोर्डिसच्या घराशी वळली तर दारात निम्मं गाव उभं. झेंडा वर चढवलेला. आतून वॉफलचा वास. टोर्डिस माझ्याकडे बघून म्हणाली, कुणी मेलं का? मागनारने गाडीचं दार उघडलं, ओसे पुढे झाली आणि तिने, खोटं सांगत नाही, मागून टोर्डिसच्या डोळ्यांवर हात ठेवले. एक बाई नुकती कुबड्यांवर उभी राहायला शिकलीय, आणि तिला हे लोक डोळे झाकून उतारावरून खाली नेत होते. सगळे खुसूखुसू हसत होते. मी ओरडले, अगं पडेल ती, तर ओसे म्हणाली, गप्प बस, गंमत घालवू नकोस.

खाली पोचल्यावर तिने हात काढले.

भिंत लाल होती. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखी, गुळगुळीत, चकचकीत लाल. गावातल्या बाकीच्या सगळ्या होडीघरांसारखी.

टोर्डिस कुबड्या टेकत जवळ गेली, अगदी नेहमीसारखी नाक लागेल इतकी जवळ, आणि ज्या जागी तो पापुद्रा होता तिथे बघत राहिली. सगळे वाट बघत होते. आनंदाने तिला बोलवेना, असं त्यांना वाटलं असणार.

"आधी खरवडलीत?" तिने विचारलं.

"म्हणजे काय," मागनार म्हणाला. "वरून रंग फासून पळणारी माणसं नाही आपण. मशीन लावलं, पार लाकडापर्यंत गेलो. मग अस्तर, मग लाल रंगाचे दोन हात. आता पंधरा वर्षं तुला इकडे बघायला नको."

"आणि निघालं ते?"

"काय निघालं?"

"रंग. पापुद्रे."

"पोत्यांत भरून, तोंडं बांधून दिली पाठवून. जुन्या रंगात शिसं असतं, टोर्डिस. कुठेही टाकून चालत नाही."

तिने मान हलवली. मग वळून, कुणाचाही हात न घेता, तो चढ एकटीने चढून घरात गेली आणि झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर माणसं हातात ताटल्या घेऊन उभी. वॉफलवर जॅम, तपकिरी चीज, सगळं जय्यत. आभार नाहीत, कॉफी नाही, काही नाही.

मग मी सांगितलं. जे येईल त्या शब्दांत सांगितलं, आणि ते सगळे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यांचे चेहरे पडले, पण डोक्यात काही शिरलं नाही. ओसेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ती बिचारी रोज त्या भिंतीला नाक लावून उभी राहायची, आम्हाला वाटलं कुजलेल्या फळ्या मोजतेय. नवरा गेला, आता रंगवणार कोण, म्हणून झुरतेय. मी म्हटलं, अगं, कॅमेरा दिसत नव्हता का हातात? तर म्हणे, वाटलं विम्यासाठी फोटो काढत असेल. इतकी वर्षं. दर वसंतात. विम्यासाठी.

तोंडाने एकदा विचारायचं होतं. दवाखान्यात फोन करून, की टोर्डिस, भिंत रंगवू का? बस. पण विचारलं की गंमत जाते ना. आणि खरं सांगायचं तर विचारलं की समोरचा नाही म्हणू शकतो, आणि चांगुलपणाला नाही ऐकायची सवय नसते.

पुढचे दिवस वाईट गेले. टोर्डिस बाहेर पडेना. गावाने पहिल्यांदा तिची कीव केली आणि मग तिच्यावर रुसायला सुरुवात केली. दुकानात ओसे मला म्हणाली, की ऑपरेशननंतर माणूस खचतो, असं होतं, पण साधे आभार मानायला काय जातं? बारा माणसांनी सुट्टीचा दिवस घातला. मी हातातलं दूध खाली ठेवलं आणि म्हटलं, बाराजणांनी मिळून तिचं आयुष्याचं काम पुसून टाकलंत, त्याचे आभार?

"कुठलं काम गं?" ओसेने खरंच विचारलं. "भिंत तर होती."

मी दूध तिथेच विसरून आले. दोन दिवसांनी महिला मंडळाकडून टोर्डिसला फुलांची कुंडी आली, 'लवकर बरी हो' अशी चिठ्ठी लावलेली. ती कुंडी मी माझ्या हाताने उकिरड्यावर नेली. फुलांचा काही दोष नव्हता, हे मला मान्य आहे.

मागनार मात्र एकदा स्वतः आला. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसला. मी तिथेच होते. त्याला मनापासून वाईट वाटत होतं हे दिसत होतं, म्हणून तर मला जास्त संताप येत होता. तो म्हणाला, पुन्हा डुग्नाड करू, तू सांगशील तसं करू. पण आता काय करणार हे त्यालाही कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, की आपल्याकडचा वारा काय आहे तुला माहितीय, दहा-पंधरा वर्षांत सोलून निघेल पुन्हा तशीच.

"मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मागनार," टोर्डिस म्हणाली.

त्याने मनात हिशोब केला. "मग एकच हात द्यायला हवा होता," तो म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता.

तो गेल्यावर टोर्डिसने ग्रंथालयात फोन लावायला घेतला, प्रदर्शन रद्द करा म्हणून सांगायला. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. आमचं त्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं, तेवढ्या सगळ्या वर्षांतलं पहिलंच. ती म्हणत होती, ओळ अपुरी आहे, शेवट नाही, अपुरं काय दाखवायचं. मी म्हणत होते, अपुरी तू ठेवलीस का? ज्यांनी ठेवली त्यांना दिसू दे तरी. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेल्यावर ती कुबड्या घेऊन खाली उतरली आणि मी मागून स्टूल घेऊन गेले. तिने त्याच जागेवरून, तितक्याच अंतरावरून एक फोटो काढला. पापुद्रा होता तिथला. त्यात लाल रंगाशिवाय काहीही नव्हतं.

प्रदर्शनाला अख्खं ग्रोविक आलं. वर्तमानपत्रात आपल्या टोर्डिसचं नाव छापून आलं होतं ना. फेरीबोटीत ओसे मला म्हणाली, की झालं गेलं विसरून आपण मोठ्या मनाने जायचं ठरवलंय. म्हणजे त्यांनी तिला माफ केलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले, नाहीतर बोटीवर काहीतरी घडलं असतं.

फोटो मोठे करून लावले होते, माणसाच्या उंचीचे. खाली फक्त वर्ष, दुसरं काही नाही. ओळीच्या अगदी शेवटी तो लाल फोटो, आणि त्याच्याखाली मात्र डुग्नाडला आलेल्या बाराही जणांची नावं. ती कल्पना टोर्डिसची. एवढ्या शांत बाईने ते करावं याचं मला नवल वाटलं होतं आणि मनातून गुदगुल्याही झाल्या होत्या. आता बघा म्हटलं, कशा माना खाली जातात.

कसल्या जातात? नावं दिसल्यावर गर्दी तिथेच झाली. एकमेकांना बोलावून दाखवायला लागले. फोटोपुढे उभं राहून फोटो काढून घेतले. ओसे मला म्हणाली, की बाकीच्यांतलं आपल्याला काही कळत नाही बाई, पण हा बघ कसा स्वच्छ आहे, आणि आपली नावं घालायची आठवण ठेवली तिने, मनात काही राहिलं नाही म्हणायचं. मी टोर्डिसला कोपऱ्यात गाठलं आणि म्हटलं, हे काय होऊन बसलं?

"मला वाटलं होतं लाजतील," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता.

तेवढ्यात मागनार आला. त्याने स्वतःचा फोटो काढून घेतला नव्हता. लाल फोटो बघून म्हणाला, ही नवी भिंत, ती मी ओळखली, जुनी कुठाय? त्यात एवढं काय होतं ते एकदा बघावं म्हणून मी आलोय. टोर्डिस म्हणाली, आहे इथेच, फिरून बघ. तो कॉफीचा कप घेऊन फिरायला लागला. एक भिंत संपली, दुसरी संपली. दार, खिडकी, फळ्या असलेला फोटो शोधत होता बहुतेक. मला वाटलं हाही आता लोणच्यावर जाणार.

पण एका फोटोपाशी तो थांबला. मागनारला रिकामं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तो उभा राहिला. जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. बोट फोटोपासून जरा लांब धरून, नकाशावरून फिरवावं तसं निळ्याच्या कडेकडेने फिरवायला लागला. मग त्याने वळून टोर्डिसला हाक मारली.

"ही खाडी कुठली?" त्याने विचारलं. "विमानातून काढलास का? हे खडक, हे आतमध्ये घुसलेलं पाणी... मी अख्खा किनारा घातलाय पालथा, हे नाही बघितलं कधी."

टोर्डिस त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सांग ना. ओसेला घेऊन जाईन. होडीने जाता येतं का इथे?"

"तू जाऊन आलायस, मागनार," ती म्हणाली. "ब्रश घेऊन."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. त्याला कळायला जो वेळ लागला तेवढा वेळ मी त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. माझा राग तिथे जरा तरी निवेल अशी माझी अपेक्षा होती, पण तो निवला नाही. कप त्याने कुठे ठेवायचा ते न कळून तसाच हातात धरला होता.

"हे एवढं... भिंतीवर केवढं होतं?" त्याने विचारलं.

टोर्डिसने आपला हात वर करून त्याला तळवा दाखवला.

मागनार त्या तळव्याकडे बघत राहिला. भिंत केवढी होती आणि तिच्यावर असे किती तळवे मावले असते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. टेप लावून ती त्यानेच मापली होती.